‘परमिट’ घेतल्याशिवाय खांबाला हात नाही : वीज आणि पाण्याच्या कामातली सुरक्षा, गावानं माहीत ठेवावी अशी

वर्धा : पहिला वादळी पाऊस झाला की आठही तालुक्यांत एकच विषय असतो. लाईन गेली, केव्हा येणार? सबस्टेशनचा फोन एंगेज लागतो, लाईनमनचा उचलला जात नाही, मग ग्रुपवर मेसेज सुरू होतात. लाईन आली की विषय संपला. पण ती आणण्यासाठी खांबावर कोण चढला होता, चढण्याआधी त्यानं काय काय करायला पाहिजे होतं आणि ते केलं की नाही, हे गावातलं कोणी विचारत नाही. हा लेख त्यावर आहे. विजेच्या आणि पाण्याच्या कामात माणूस जिवंत घरी यावा यासाठी कायद्यानं आणि कंपनीनं काय कबूल केलं आहे, त्यातलं वावरात आणि गावात काय दिसायला पाहिजे, आणि त्यात आपला हात कुठं कुठं आहे, हे एका ठिकाणी मांडलं आहे.

कोणाचं काम काय

जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘एमएसईबी’च आहे, पण ६ जून २००५ पासून मंडळाच्या कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या टॉवर लाईनची महापारेषण आणि आपल्या घरा-वावरापर्यंत वीज आणणारी महावितरण. आपला संबंध येतो तो महावितरणशी. नागपूर परिमंडळाखाली वर्धा मंडळ, त्याखाली वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट हे विभाग, मग उपविभाग, शाखा कार्यालय, आणि शेवटी लाईनमन, ज्याला कंपनी ‘जनमित्र’ म्हणते. सोबत विद्युत सहाय्यक असतात, सबस्टेशनवर यंत्रचालक म्हणजे ऑपरेटर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी ठेकेदारामार्फत लागलेली बाह्यस्रोत पोरं असतात. लहान ग्रामपंचायतींसाठी ग्रामविद्युत व्यवस्थापक ही योजनाही २०१६ मध्ये निघाली.

सुरक्षेचं पाहणारं खातं मात्र वेगळं आहे. ते राज्य सरकारच्या ऊर्जा विभागाचं विद्युत निरीक्षण. विद्युत निरीक्षक महावितरणचा नोकर नाही. अपघाताची चौकशी तो करतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

नियम कुठले? मूळ कायदा विद्युत अधिनियम २००३. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम, आधी २०१० चे, नंतर २०२३ मध्ये नव्यानं काढलेले. कोणत्या माणसाला लाईनवर काम करायची परवानगी आहे, तार जमिनीपासून किती उंच पाहिजे, दुरुस्तीआधी लाईन कशी बंद करायची, हे सगळं त्यात आहे. नियमांची कमी नाही.

परमिट म्हणजे काय

आपल्याला वाटते, स्विच पाडला आणि चढला. तसं नाही. ११ हजार व्होल्टच्या लाईनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून ‘परमिट’ घ्यावं लागते. काही जण त्याला ‘लाईन क्लिअर’ म्हणतात.

ज्याला काम करायचं आहे तो कर्मचारी नेमका फीडर सांगतो. ऑपरेटर त्या फीडरचा ब्रेकर पाडतो, आयसोलेटर उघडतो, पॅनलवर ‘माणसं कामावर आहेत, चालू करू नये’ असा बोर्ड लावतो, आणि रजिस्टरमध्ये वेळ, फीडर, परमिट घेणाऱ्याचं नाव लिहितो. त्यानंतरच परमिट दिलं जाते. कामाच्या जागेवर तो कर्मचारी जवळचा एबी स्विच उघडतो, तिन्ही पाती उघडली की नाही हे डोळ्यानं पाहतो, लाईन टेस्ट करतो, डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करतो, आणि मगच चढतो. काम झालं की माणसं मोजायची, रॉड काढायचे आणि परमिट परत करायचं. ते परत करायचा अधिकार ज्यानं घेतलं त्यालाच. दुसऱ्यानं फोन करून ‘झालं काम, सोडा लाईन’ म्हटलं तर ऑपरेटरनं सोडायची नाही, मग तो कोणी का असेना.

एकाच फीडरवर दोन टोकांना दोन टोळ्या काम करत असतील तर दोन परमिट. दोन्ही परत आल्याशिवाय ब्रेकर चढवायचा नाही. खांबावर एकावर एक दोन फीडर जात असतील, गावठाणाचा वर आणि शेतीचा खाली, तर दोन्ही बंद पाहिजेत. आपल्याकडं शेतीचा आणि गावठाणाचा फीडर वेगळा केल्यापासून असे खांब बरेच झाले आहेत. एक मेला आणि दुसरा जिवंत, अशा खांबावर चढणं म्हणजे काय ते सांगायला नको.

परदेशात वेगळं काही शिकवत नाहीत. जर्मनीत विजेच्या कामगाराला पाच नियम पाठ करायला लावतात. लाईन पूर्ण तोडा, ती परत कोणी चालू करणार नाही अशी सोय करा, करंट नाही हे तपासा, अर्थ करून तिन्ही तारा शॉर्ट करा, आणि शेजारी जिवंत भाग असेल तर झाका. आपलं परमिट हेच आहे. फरक आहे तो रोज पाळण्याचा.

बंद लाईनलाही रॉड कशाला?

हा प्रश्न लाईनवर नवीन लागलेली पोरंही विचारतात. ब्रेकर पाडला, स्विच उघडला, मग रॉडमध्ये दहा मिनिटं कशाला घालवायची?

कारणं बरीच आहेत. फीडरचं नाव ऐकण्यात चूक होते, एकासारखी दुसऱ्या गावाची नावं असतात. जुन्या एबी स्विचचं एखादं पातं गंजून अडकलेलं राहते, हँडल खाली येते पण एक फेज चालूच. बंद तारेच्या शेजारून मोठी लाईन जात असेल तर बंद तारेतही दाब तयार होतो. दूर कुठं वीज कडाडली तर ती तारेतून येते. आणि पाचवं कारण आपल्या घरातलं आहे.

लाईन गेली की लग्नाच्या मांडवात, राईस मिलवर, दवाखान्यात, दुकानात जनरेटर सुरू होतो. चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसेल, किंवा कोणी दोन टोकी वायर प्लगमध्ये खोचून घराला वीज दिली असेल, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. डीपीत २३०-४४० व्होल्टचे ११ हजार होतात, कारण रोहित्र उलटंही चालते. इकडं मांडवात पंगत बसलेली आणि तिकडं दोन किलोमीटरवर खांबावरचा माणूस तारेला चिकटलेला. त्याच्याकडं परमिट होतं, ब्रेकर पडलेला होता, सगळं बरोबर होतं. फक्त रॉड नव्हता. रॉड लावलेला असता तर ती उलटी वीज जमिनीत गेली असती.

म्हणून जनरेटर घेतला की आधी चेंजओव्हर बसवा आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवा. छपरावरच्या ऑन-ग्रिड सोलरचा इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप थांबतो, त्याची अशी भीती नाही. भीती आहे ती जुगाडाची.

घाई आपली, जीव त्याचा

आता थोडं कडू. वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणं ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून मिळायला पाहिजे. हक्काची गोष्ट आहे, मागितलीच पाहिजे. कपाशीला पाणी द्यायचं असते, संत्र्याचा बहार असतो, चणा फुलावर असतो. पण ४८ तासांचं घड्याळ कंपनीवर आहे, खांबावरच्या पोरावर नाही. माणसं कमी आहेत, एकेकाकडं कितीतरी गावं आहेत, गाडीचं पेट्रोल स्वतःचं आहे, आणि वरून सरपंचापासून तर पानठेल्यापर्यंत सगळ्यांचे फोन. अशा वेळी परमिटची वाट पाहायची सोडून तो चढतो. किंवा फोनवर ‘दादा, पाच मिनिटं बंद ठेवा’ असं सांगून चढतो. वावरात रेंज नाही, पाच मिनिटांची पंधरा होतात, ऑपरेटरची ड्यूटी बदलते.

आपण काय करू शकतो? काम चालू असताना सबस्टेशनला फोन करून ‘लाईन सोडा’ म्हणायचं नाही. ही साधी गोष्ट आहे आणि हीच सर्वात जास्त मोडली जाते. खांबाखाली उभं राहून ‘लवकर कर बे’ म्हणायचं नाही. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, हातमोजे, डिस्चार्ज रॉड याच्यातलं काहीच नसताना कोणी चढत असेल तर थांबवायचं. हे सांगायचा गावकऱ्याला हक्क आहे, कारण मेल्यावर पंचनाम्यावर सह्या आपल्यालाच कराव्या लागतात.

बाह्यस्रोत पोरांचं वेगळं दुखणं आहे. काम तेच, खांब तोच, पण ठेकेदाराकडून हातमोजे मिळाले की नाही हे कोणी विचारत नाही. कायद्यात मात्र पळवाट नाही. ठेकेदाराचा माणूस मूळ मालकाच्या कामावर जखमी झाला किंवा गेला तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते, आणि तो ती ठेकेदाराकडून नंतर वसूल करू शकतो. हे तत्त्व १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. म्हणून अशा पोराच्या घरच्यांनी ‘तो आमचा नव्हताच’ हे उत्तर ऐकून परत यायचं नाही. हजेरी, बँकेत जमा झालेला पगार, ओळखपत्र, कामाचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं जपून ठेवा.

महावितरण जूनच्या पहिल्या आठवड्यात विद्युत सुरक्षा सप्ताह करते, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि त्याच तारखेला लाईनमन दिवसही पाळतात. शपथ घेतात, फोटो निघतात, आम्हीही बातमी लावतो. वाईट नाही. पण बातमी लावताना एक प्रश्न विचारावा असं मला वाटते : या शाखेत डिस्चार्ज रॉड किती आणि चढणारी माणसं किती?

डीपीवर चढणारे गावचे गडी

प्रत्येक गावात एक-दोन गडी असे असतात की ज्यांना डीपीचं ‘सगळं जमते’. फ्यूज उडाला की त्यांनाच बोलावतात. यांच्या जिवाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

डीपीच्या पेटीतला किटकॅट काढला म्हणजे डीपी बंद झाली असं त्यांना वाटते. ती बंद होत नाही. वरच्या बाजूला ११ हजार तसेच उभे असतात. बांबूनं डीओ पाडणारे आहेत, आणि पावसाळ्यात ओला बांबू म्हणजे तारच समजा. ११ हजारच्या तारेला हात लावायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ती ओढते. पेटीत फ्यूज वायरच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे पाच-सहा पदर गुंडाळलेले तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मग शॉर्ट झालं तरी फ्यूज जात नाही, जाते ते रोहित्र. आणि ते यायला पुन्हा दोन दिवस.

करंट किती लागते माणूस मरायला? शंभर वॅटचा जुना बल्ब सुमारे ४३० मिलिअँपिअर घेतो. हृदयाची लय बिघडवायला ५० ते १०० मिलिअँपिअर पुरतात. म्हणून घरात ३० मिलिअँपिअरवर पडणारा इएलसीबी बसवतात. कोरडी कातडी बराच अडसर करते, पण ओलिताच्या वावरात घामेजलेल्या हातानं आणि चिखलातल्या पायानं स्टार्टर दाबताना तो अडसर शंभर पटीनं कमी झालेला असतो. स्टार्टरच्या पेटीचं अर्थिंग आणि पायाखाली कोरडी लाकडी पाटी, ही दोनच कामं केली तरी बरेच जण वाचतील. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नका.

ऑटोस्विचचंही तसंच. लाईन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम उचलतात, रोहित्रावर भार पडून ते जळते. आणि विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह पाहणाऱ्याच्या डोक्यावर मोटार आपोआप सुरू होते. महावितरण वर्षानुवर्षं सांगते, ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर लावा. ते बरोबर सांगतात.

तार पडली तर

तुटून पडलेली तार मेलेली आहे असं कधीच समजू नका. शहरात तार पडली की बहुतेक वेळा फीडर ट्रिप होतो. पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या कोरड्या जमिनीवर, किंवा मुरमावर पडलेल्या तारेतून इतका कमी करंट जमिनीत जातो की सबस्टेशनच्या रिलेला तो कळतच नाही. लाईन चालूच राहते. आणि ट्रिप झाला तरी ऑपरेटर एकदा चालू करून पाहतो. तेव्हा ती तार पुन्हा जिवंत.

अशा तारेभोवतीच्या जमिनीत दाब पसरलेला असतो. मधोमध जास्त, दूर जाल तसा कमी. दोन पायांत अंतर पडलं की एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. म्हणून जवळ सापडलात तर पळू नका, पाय जुळवून, जमिनीला घासत घासत मागं या. दहा मीटर तरी लांब. बैल, म्हैस यांचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्यांना हा दाब माणसापेक्षा जास्त बसतो, म्हणून जिथं गडी वाचतो तिथं बैलजोडी जागेवर बसते. बैल सोडवायला धावणारा शेतकरीही मग जातो. फोन आधी, धाव नंतर.

लोंबकळणाऱ्या तारांसाठी उंचीचे निकष माहीत असावेत. ११ हजारची उघडी तार वावरात जमिनीपासून किमान ४.६ मीटर, रस्ता ओलांडताना ६.१ मीटर. घराच्या गच्चीवरून ३.७ मीटर आणि बाजूनं १.२ मीटर अंतर पाहिजे. आता हार्वेस्टर येते, तुरीच्या, कपाशीच्या कुट्या भरलेली ट्रॉली जाते, बोअरची गाडी मास्ट उभा करते. तार खाली आली असेल तर फोटो काढून, खांबाचा किंवा डीपीचा नंबर लिहून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. टोल फ्री क्रमांक १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे आहेत. तिथं मिळालेला तक्रार क्रमांकही लिहून ठेवा.

कुंपणातला करंट

हा विषय टाळता येत नाही. रानडुक्कर आणि रोही पीक ठेवत नाहीत, वनखात्याची भरपाई हातात पडेपर्यंत हंगाम निघून जातो, हे मीही भोगतो. पण तारेत करंट सोडणं हा त्याचा उपाय नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण आपल्याच जिल्ह्यात अशा कुंपणात मेली, देशभर बातमी झाली. वाघिणीची बातमी होते. रात्री मोटार सुरू करायला गेलेला शेजारी किंवा लाईन तपासायला निघालेला लाईनमन अडकला तर दोन ओळी येतात. अशा प्रकरणात वीजचोरीसोबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. बॅटरीवर चालणारी झटका मशीन वेगळी, ती क्षणभर झटका देते आणि सोडते. अभयारण्यालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण मिळते, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

पाण्याचं काम : वीज, क्लोरीन आणि विहीर

वर्धा शहर आणि पिपरी (मेघे) कडची गावं धाम नदीच्या पाण्यावर आहेत. महाकालीच्या धरणातून सोडलेलं पाणी येळाकेळी, पवनारजवळ उचललं जाते. नगर परिषद आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या मोठ्या यंत्रणा आहेत, त्यांच्याकडं अभियंते आहेत. बाकी गावांत पाणीपुरवठा म्हणजे ग्रामपंचायतीचा एक कर्मचारी. मोटार तोच लावतो, व्हॉल्व्ह तोच फिरवतो, टाकीवर तोच चढतो, पावडर तोच टाकतो.

या माणसाला तीन धोके आहेत. पहिला पंपघरातला. फरशी ओली, केबल जोड मारलेली, पॅनलचं झाकण उघडं. त्यावर उपाय वर सांगितलेलेच आहेत : अर्थिंग, कोरडी पाटी, इएलसीबी. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हा खर्च बसतो, मासिक सभेत विषय घ्या.

दुसरा टीसीएल पावडरचा. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, २० टक्क्यांच्या खाली गेली की ती वापरायची नाही. मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळी टाकायची आणि अर्धा तास तरी थांबायचं. शेवटच्या नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला पाहिजे, ते जलसुरक्षक ओटी टेस्टनं पाहतो. पण ही पावडर ओल्या खोलीत, उघड्या गोणीत ठेवली तर ताकद जाते आणि खोलीत वायू साचतो. कोंदट खोली सकाळी उघडल्या उघडल्या आत वाकू नका. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि पावडरीशेजारी ॲसिड कधीच नको. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांवर वायूचे सिलिंडर असतात. क्लोरीन हवेपेक्षा जड, ते खाली सखल भागाकडं जाते. गळती झाली तर वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर जायचं, आणि गळणाऱ्या जागेवर पाणी मारायचं नाही, त्यानं भोक वाढते.

ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड याच कामावर ठरते. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा पाहणी होते. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. आपल्या गावाचं कार्ड कोणतं हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे.

तिसरा धोका विहिरीचा. गाळ काढायला, पंप दुरुस्तीला माणूस उतरतो. जुन्या, झाकलेल्या विहिरीत तळाला हवा नसते. आत डिझेल इंजिन लावून पाणी उपसलं असेल तर विषारी धूर साचलेला असतो, त्याला वासही येत नाही. एक उतरतो, पडतो. वाचवायला दुसरा उतरतो, तोही पडतो. बातम्यांत अशा घटनांत दोन-तीन नावं एकाच घरची असतात ती यामुळं. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसं उभी असल्याशिवाय उतरायचं नाही. धूर असेल त्या विहिरीत त्या दिवशी उतरायचंच नाही.

दिवसा वीज : पर्यावरणाची हमी आणि सुरक्षेचीही

सौर ऊर्जेच्या बातम्या आपण पर्यावरणाच्या म्हणून वाचतो. शेतकऱ्यासाठी ती आधी जिवाची गोष्ट आहे. कृषी फीडरला आठवड्यात काही दिवस रात्रीची पाळी आली की थंडीत बॅटरी घेऊन वावरात जावं लागते. साप, डुक्कर, बोरच्या बाजूला वाघ-बिबट, आणि अंधारात उघडी वायर. दिवसा वीज मिळाली तर यातलं अर्धं संकट आपोआप कमी होते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा करून त्याची वीज कृषी फीडरला दिवसा द्यायची, उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. हा पैसा पंपघराच्या अर्थिंगवर लावला तरी कोणी अडवणार नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात.

एक सावधगिरी. सौर पॅनलला स्विच नसतो. ऊन आहे तोवर ते जिवंत आहे. कंट्रोलर बंद केला तरी पॅनलपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरमध्ये दाब असतो, आणि डीसीचा चटका पकडून ठेवतो. वायर कुरतडली असेल तर पॅनल धुऊ नका, चालू उन्हात जोड ओढून काढू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. पाच वर्षं देखभाल त्यांच्याकडंच आहे.

अपघात झालाच तर

देशात दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्यानं जातात. त्यातल्या बऱ्याच घरांना भरपाई मिळत नाही, कारण पहिल्या दोन दिवसांत कागद झालेले नसतात.

आधी माणूस. चिकटलेल्याला हात लावू नका, स्विच पाडा. घरगुती लाईन असेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर करा, ११ हजारच्या तारेजवळ तेही नको. सुटला आणि श्वास नसेल तर छातीवर जोरात दाब देत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि १०८ ला फोन. वाळूत पुरणं, शेण लावणं यात वेळ घालवू नका.

मग कागद. विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणं माणूसच नाही, जनावर दगावलं किंवा जखमी झालं तरी विद्युत निरीक्षकाला कळवावं लागते. माणूस दगावल्यास २४ तासांत तातडीची सूचना आणि ४८ तासांत लेखी अहवाल, हे वीज कंपनीचं काम आहे. ते झालं की नाही याची खात्री तुम्ही करा, स्वतःही निरीक्षकाला लेखी कळवा. तार, किटकॅट, तुटलेला इन्सुलेटर उचलू देऊ नका, आधी फोटो. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे. बैल असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या, त्याआधी पुरू नका.

‘आमची चूक नव्हती, कोणीतरी आकडा टाकला होता’ असं उत्तर मिळालं तर जबलपूरचा निकाल सांगा. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथं पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवरून एक सायकलस्वार गेला. मंडळानं म्हटलं, ती तार वीज चोरणाऱ्यानं टाकलेली होती. ११ जानेवारी २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एवढी धोक्याची वस्तू पुरवणाऱ्यावर जबाबदारी राहतेच, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी. ‘मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैल कुमारी’ या नावानं तो वकिलाला लगेच सापडतो.

सातबारा असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, असा कोणी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. विजेचा धक्का त्यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. सोबत सातबारा, वारसाची नोंद, वयाचा दाखला, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जोडायचा. तेरवी होईपर्यंत थांबलात तर त्यातले जवळपास निम्मे दिवस निघून गेलेले असतात, म्हणून घरच्यांना सुचत नसेल तर शेजाऱ्यानं किंवा कृषी सहाय्यकाला सोबत घेऊन कोणीतरी ही फाईल सुरू करून द्यावी.